फाकलेल्या पायांच्या कॉकटेल जोड्या आणि माझे ४५,३५० रुपये

४५,३५० रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगायचं धाडस झालेलं नाही, इथे तरी लपवायचं नाही.

ल्युटिनो (पिवळट-पांढऱ्या) कॉकटेलच्या, म्हणजे तुरेवाल्या पोपटांच्या, चार जोड्या, जोडीला ६,५०० प्रमाणे २६,०००. सगळ्यांत व्यंग होतं. कुणाचे पाय फाकलेले, कुणाच्या तुऱ्यामागे टक्कल. विकणाऱ्याने ते लपवलं नाही, तेच पुढे करून विकलं. "साहेब, हा रक्तातला दोष नाही, मटक्यातला (घरटं म्हणून लावलेल्या मडक्यातला) आहे. खाली भुसा कमी पडला, पिल्लांचे पाय घसरले. यांची पिल्लं सरळच निघणार, आणि निघेल ते प्रत्येक पिल्लू मी १,८०० ला परत घेतो." वर म्हणाला, लंगडे पक्षी कुणी नेत नाही, तुम्हीही नाही नेले तर मी यांना किती दिवस पोसू?

'पिल्लं परत घेतो' हे ऐकूनच उठायला हवं होतं. इमू झाले, कडकनाथ झाले. कडकनाथच्या वेळी चुलत्यांना पैसे गुंतवण्यापासून मीच अडवलं होतं. तरी फसलो, कारण त्याचं अर्धं बोलणं खरं होतं. गुळगुळीत तळामुळे, कॅल्शियम कमी पडल्यामुळे पिल्लांचे पाय फाकतात. सहा वर्षं बजरी (छोटे पोपट) पाळतोय, असं एक पिल्लू मी स्वतः पट्टी बांधून सरळ केलंय. माझ्याच अनुभवातली गोष्ट त्याने मला सांगितली, म्हणून बाकीचंही खरं मानलं.

आता ती पायातली ओळखीची रिंग. रोज रात्री डोळ्यांसमोर येते. पहिल्या जोडीतल्या नराच्या पायात ४१ नंबर, मादीच्या पायात ४२. पाळणाऱ्याचा कोड तोच, वर्ष तेच. बंद रिंग पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतानाच पायात चढते, मोठ्या पक्ष्याला चढवताच येत नाही. एका मटक्यातल्या पिल्लांना ओळीने नंबर घालत जातात. म्हणजे ही सख्खी भावंडं. दुसरी जोडी ४३-४४. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "त्या दिवशी तीन मटक्यांना एकदम रिंगा घातल्या." आणि मी मान डोलावली. संध्याकाळ झाली होती, पैसे गेले होते, दोन तासांचा परतीचा प्रवास होता, त्या पक्ष्यांची दया येत होती. सगळं खरं आहे. पण रिंगा मी वाचल्या होत्या.

त्यातच 'परिवेश पोर्टलवर (सरकारी संकेतस्थळावर) नोंदणी करून देतो' म्हणून जोडीमागे १,२००, म्हणजे ४,८०० घेतले. ती नोंदणी साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या विदेशी प्राण्यांसाठी असते. कॉकटेल त्यात नाही, बजरी नाही, पीच-फेस लव्हबर्डही नाही. यासाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. (आपला हिरवा पोपट ही वेगळी गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणंच गुन्हा आहे.)

पिंजरे आणि मटके ११,४००. दोन जोड्यांची नऊ अंडी टॉर्च लावून पाहिली, सगळी रिकामी. फाकलेल्या पायांनी नराला मादीवर तोलच सांभाळता येत नव्हता. चौथ्या जोडीत दोन्ही नर निघाले. तिसऱ्या जोडीची चार अंडी, तीन पिल्लं. तळाला तीन बोटं भुसा, कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम टांगलेला, तरी दोघांचे पाय फाकले. डॉक्टरांनी ३,१५० घेतले, पण खरं सांगितलं: असा दोष घरट्यामुळे होतो तसा वारशानेही येतो, नुसतं बघून ओळखता येत नाही, म्हणूनच अशा पक्ष्यांना मटका लावायचा नसतो. आणि ल्युटिनोचं टक्कल तर पिढ्यान्‌पिढ्या नात्यात जोड्या लावून आलेलं.

त्याला फोन केला तर "तुमचं खाद्य चुकलं." नंतर नंबर ब्लॉक.

पोलिसांकडे गेलो. "पक्षी मिळाले ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद." सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोर जाऊन व्यवहार केलात, आमच्याकडे येत नाही. वन खात्यात सांगितलं की विदेशी पक्षी, आमचा विषय नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात "आमच्याकडे गुरं असतात." चार कचेऱ्या, सहा रजा, आणि एकाही माणसाने त्या रिंगांकडे बघितलं नाही. पिंजरा उचलून नेला होता मी चौकीत! हवालदार म्हणाले, बोलतो का हा? एक पोचपावती मागितली तर "साहेब आल्यावर या." साहेब तीन वेळा नव्हते. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, पिल्लं विकायला पक्षी घेतलेत, समोरचा व्यापारी हेतू दाखवून तुम्हाला ग्राहकच मानू देणार नाही. पोटापाण्याचा स्वयंरोजगार असता तर गोष्ट वेगळी.

परत घेण्याची बोली लेखी घ्या. माझ्याशी तो फक्त फोनवर बोलायचा, मेसेजमध्ये एक अक्षर नाही. यूपीआयवर दुसऱ्याच बाईचं नाव आलं, तिथेच थांबायला हवं होतं. नर-मादी ठरवणाऱ्या डीएनए सर्टिफिकेटवरचा रिंग नंबर पायातल्या रिंगशी जुळवा. मी मागितलंच नाही. आणि दया आली तर पक्षी आणा, सांभाळा, पण जोडी लावू नका. मी लावली, ती दोन पिल्लं माझ्या निर्णयामुळे आली.

दोघांना पट्ट्या बांधल्या होत्या. एकाचे पाय बरेच जुळले. दुसरं पोटावर सरकत खाद्यापर्यंत येतं. मटके सगळे काढून टाकलेत.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. 'नात्यातल्या नसलेल्या जोड्या', जोडी ७,५००. सगळे फोटो छातीपासून वरचे आहेत, एकाही पक्ष्याची रिंग दिसत नाही.