जळगावातील जॅझ मैफल : एक आवाज, एक पियानो

जळगावातील एका हॉटेलच्या सभागृहात गायिका आणि पियानोवादक या दोघांनीच सादर केलेली जॅझ मैफल, ड्रम्स आणि डबल बास (खर्जाचे मोठे तंतुवाद्य) यांची साथ नसतानाही, लयीच्या अंगाने कुठेही अपुरी वाटली नाही. त्याचे श्रेय वादकाच्या डाव्या हाताला द्यावे लागेल; खर्जातील स्वर एकापुढे एक चालवत त्याने लय धरून ठेवली आणि उजव्या हाताने गायिकेच्या दोन ओळींमधील मोकळ्या जागा मोजक्याच स्वरांनी भरल्या.

सर्वांत कसदार ठरले ते १९३० सालचे 'बॉडी अँड सोल'. या रचनेच्या मधल्या भागात आधार स्वरच अर्ध्या स्वराने वर सरकतो, मग मूळ जागेच्याही खाली उतरतो आणि शेवटी परततो. एकाच षड्जावर स्थिर राहणाऱ्या गायनाची सवय असलेल्या आपल्या कानांना हे प्रथम चमत्कारिक वाटते. गायिका मात्र तेथे जराही डगमगली नाही.

'समरटाइम' फसले. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांच्या १९३५ सालच्या ऑपेरातील ते अंगाईगीत असताना त्याची लय इतकी वाढवली होती की, कोणतेही मूल दचकून उठले असते.

ध्वनिव्यवस्था सदोष होती. मागच्या रांगांत पियानोचा खर्ज घुमत होता आणि (खानदेशातल्या उन्हाळ्यात अपरिहार्य असलेल्या) कूलरच्या आवाजात हळुवार जागा हरवत होत्या. तिकीट काढताना पुढच्या रांगा मागून घ्याव्यात.