वर्षभर कांगडा ग्रीन टी: माझा अनुभव

ग्रीन टीने वजन उतरतं का, हे मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं, म्हणून आधी तेच सांगते. माझं दोनेक किलो उतरलं, पण त्याचं श्रेय मी पानांना देत नाही. ते साखरेचं आहे. ऑफिसात अकराचा, जेवण झाल्या झाल्या एक, चारचा आणि घरी आल्यावर एक, असे चार कप दुधाचे गोड चहा व्हायचे. कपाला दोन चमचे धरले तरी दिवसाला आठ चमचे, म्हणजे तीस-बत्तीस ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. माझा सगळा कोटा नुसत्या चहातच संपत होता, बिस्किटं वेगळीच. आता दुधाचा चहा फक्त सकाळी, बाकी सगळा ग्रीन टी, बिनसाखरेचा. पोटाचा घेर कमी झाला तो यामुळे. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ साली वजनावरच्या १८ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ग्रीन टीमुळे पडलेला फरक नगण्यच निघाला होता. ‘चरबी वितळवणारा चहा’ असं पाकिटावर छापलेलं असेल तर ते पाकीट मी परत फळीवर ठेवते.

मग प्यायचा कशाला? तर पेय म्हणून तो खरंच चांगला आहे. सुरुवातीला डिप-डिपच्या पिशव्या वापरल्या. त्यात बहुतेक भुकटीच असते, पटकन कडू होते. नंतर कांगड्याची सुटी पानं मागवली आणि तिथून खरी गोडी लागली. हिमाचलातल्या पालमपूरच्या आसपासचा हा चहा. त्याला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. सुकं पान काळपट हिरवं, पीळ घातलेलं असतं. गरम पाण्यात पडलं की हळूहळू उलगडतं आणि कडेचे बारीक दातेही दिसायला लागतात. पाणी फिकट पिवळं होतं. चव आधी तुरट लागते आणि घोट गिळल्यावर जिभेवर मंद गोडसर काहीतरी मागे राहतं.

उकळतं पाणी मात्र कधीच ओतू नका. गॅस बंद करून झाकण काढून चारपाच मिनिटं थांबायचं, पाणी ७५-८० अंशांवर आलं की कपाला एक चमचा पानं, दोन मिनिटं, लगेच गाळायचं. ‘ग्रीन टी कडूजहर असतो’ म्हणणाऱ्या माझ्या जाऊबाईंना असा करून दिला, आता त्या स्वतः मागतात. तीच पानं पुन्हा एकदा वापरता येतात आणि दुसरा कप मला जास्त आवडतो.

झाड नेहमीच्या चहाचंच. फक्त पानं खुडल्यावर लगेच वाफवतात किंवा कढईत परततात, म्हणून ती काळी पडत नाहीत आणि त्यातली कॅटेचिन्स (चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं) टिकतात. कोलेस्टेरॉलवर त्यांचा परिणाम होतो, पण थोडा: १४ चाचण्यांचा एकत्र हिशेब २०११ साली झाला, त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सरासरी २ अंकांच्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आसपास उतरलेलं दिसलं. माझं याहून बरंच जास्त उतरलं, पण मी रोज चालतेही, तेव्हा ते सगळं चहाच्या खात्यात टाकणं बरोबर नाही. जपानात ओसाकी भागातल्या ४०,००० हून अधिक लोकांची अकरा वर्षं पाहणी झाली. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे मृत्यू कमी होते, स्त्रियांत हा फरक जास्त होता. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. कर्करोग टाळतो म्हणून फिरणाऱ्या फॉरवर्डवर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

आता बायकांनी नीट वाचावं असं. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे आणि चहा, मग तो हिरवा असो की काळा, पालेभाजी-डाळीतलं लोह नीट अंगी लागू देत नाही. माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी होतं, लोहाच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जेवण आणि गोळी यांच्या आगेमागे तासभर चहा नको. तेव्हापासून माझाही दुपारचा कप ताट उचलल्यावर तासाभराने होतो आणि वरणभातावर लिंबू पिळणं आम्ही नेमाने सुरू केलं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

रिकाम्या पोटी घेतला की मला मळमळतं, म्हणून सकाळी नाहीच. कॉफीहून कमी असलं तरी कॅफीन यातही असतं, त्यामुळे संध्याकाळी सहानंतरही नाही, झोप लांबते. कपातला चहा आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल हे एकच समजू नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलंय की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) गेलं तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा दिसू शकतात. जिममधल्या कुणी डबा हातात दिला तर घेऊ नका. रक्त पातळ करण्याच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्त कप सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शंभर ग्रॅमचं पाकीट घ्या, मोठं नको. कपाला दोन ग्रॅम धरलं तर पन्नासेक कप होतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्याच्या फळीपासून लांब ठेवा, नाहीतर चहाला हिंगाचा वास लागतो. पावसाळ्यात पानं सादळतात, तेव्हा पॅकिंगची तारीख बघून ताजंच घ्या.