'एलिझियम' पाहावा की 'स्नोपिअर्सर'?

दोन्ही सिनेमे २०१३चे. दोन्हींत मूठभर श्रीमंत मजेत आहेत, बाकीचे भरडले जातात आणि शेवटी तळातला माणूस वर धडक मारतो. एकच पाहायचा असेल तर माझं मत 'स्नोपिअर्सर'ला.

नील ब्लोमकॅम्पच्या 'एलिझियम'ची सुरुवात मात्र जबरदस्त आहे. २१५४ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये धूळ, कचरा आणि नजर पोचेल तिथवर झोपड्या. वर अवकाशात श्रीमंतांची वसाहत; तिथल्या यंत्रात झोपलं की कुठलाही आजार बरा. पृथ्वीवरचा बराच भाग मेक्सिको सिटीत चित्रित झालाय, म्हणून ती धूळ खरी वाटते. कारखान्यात किरणोत्सर्ग झालेल्या मॅक्सला (मॅट डेमन) एक यंत्रमानव गोळ्या देतो आणि पाच दिवसांत मरशील असं सांगतो. तो प्रसंग अंगावर येतो.

पण पुढे पटकथा ढेपाळते. ती यंत्रं खाली पाठवली तर श्रीमंतांचं काय बिघडणार होतं, याचं उत्तर मिळत नाही. जोडी फॉस्टरसारख्या अभिनेत्रीच्या वाट्याला सपाट खलनायिका आलीय. उत्तरार्धात तर विषमतेचा प्रश्न बाजूला पडतो आणि उरते दोन यांत्रिक सांगाड्यांची हाणामारी.

बोंग जून-होच्या सिनेमात मारामारीच गोष्ट पुढे नेते. तापमानवाढ रोखायला फवारलेल्या रसायनाने पृथ्वी गोठली आहे आणि उरलेली माणसं सतत धावणाऱ्या एका गाडीत आहेत. शेवटच्या डब्यातले लोक इंजिनाकडे निघतात आणि प्रत्येक दाराआड या व्यवस्थेचा नवा चेहरा दिसतो. कुऱ्हाडींच्या लढाईत गाडी बोगद्यात शिरते. अंधारातही पाहू देणारे चष्मे फक्त सैनिकांकडे! सत्ता म्हणजे काय, हे तिथे संवादाविना कळतं. शाळेच्या डब्यात इंजिनाची स्तुती गाणारी मुलं पाहून मला जास्त भीती वाटली.

दोष इथेही आहेत. रूळ कोण दुरुस्त करतं, हे विचारायची सोय नाही. शेवटाकडचं लांबलचक संभाषण वेग मारतं. तरी हे कमी खुपतं, कारण हा सिनेमा पहिल्यापासून दंतकथेसारखा उलगडतो. 'एलिझियम' वास्तवाचा आव आणतो, त्यामुळे त्याची भोकं लगेच दिसतात.

रक्तपात दोन्हींत भरपूर आहे, मुलांसोबत नकोच. भविष्यातली शस्त्रं आणि यानं यांचीच आवड असेल तर 'एलिझियम' निराश करणार नाही. 'स्नोपिअर्सर' निवडलात तर पूर्ण १२६ मिनिटांचाच पाहा. अमेरिकी वितरकाला त्यातली सुमारे २० मिनिटं कापायची होती, दिग्दर्शकाने ती कापू दिली नाहीत.