फाओस्टॅटचा अन्नसाखळी-उत्सर्जन विभाग : वापरून पाहिल्यानंतर

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे ‘फाओस्टॅट’ हे आकडेवारीचे मोफत संकेतस्थळ पीक, क्षेत्र आणि उत्पादन यांसाठी कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक असते. त्याच्या उत्सर्जन विभागाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. दूध उत्पादकांच्या एका संस्थेसाठी टिपण तयार करताना मला हा विभाग दोन महिने रोज वापरावा लागला. भारताचे अन्न शेतापासून ताटापर्यंत येताना किती हरितगृह वायू सोडते आणि तीस वर्षांत त्यात काय बदलले, हा माझा प्रश्न होता.

या सेवेचे खरे मोल ती विखुरलेले तुकडे एकत्र आणते यात आहे. भारत सरकारच्या अहवालानुसार २०२० मध्ये देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा १३.७२ टक्के होता, पण त्या ‘शेती’त अन्नाची सगळी साखळी येत नाही. थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून युरिया बनतो तेव्हाचे उत्सर्जन ऊर्जा आणि उद्योग यांच्या खात्यांत पडते, विहिरीवरच्या पंपाची वीज ऊर्जेत जाते, कुजलेल्या भाजीचा मिथेन कचऱ्यात जातो, आणि तोच युरिया उसाच्या सरीत पडल्यावर निघणारा नायट्रस ऑक्साइड तेवढा शेतीच्या नावावर लागतो. फाओस्टॅट हे सारे तीन भागांत मांडते : शेताच्या बांधाच्या आतले, जमिनीचा वापर बदलल्यामुळे झालेले, आणि शेतीच्या आधीचे व नंतरचे, म्हणजे खतनिर्मिती, प्रक्रिया, वेष्टन, वाहतूक, किरकोळ विक्री, घरचा स्वयंपाक आणि कचरा. जगाचा हिशेब याच पद्धतीने केला असता २०१९ मध्ये अन्नव्यवस्थेचे उत्सर्जन सुमारे १६.५ अब्ज टन, म्हणजे मानवनिर्मित उत्सर्जनाच्या ३१ टक्के भरले.

काळाच्या बाबतीत एक मर्यादा आरंभीच ध्यानात घ्यावी. बांधाच्या आतली मालिका १९६१ पासून आहे, त्यामुळे हरितक्रांती आणि १९७० मध्ये सुरू झालेली ‘दूध महापूर’ योजना यांचा काळ तिच्यात सापडतो. पण साखळीच्या उरलेल्या भागाची मालिका १९९० पासूनच सुरू होते. म्हणून संपूर्ण साखळीचा आलेख काढायचा तर तो तेथूनच काढावा लागतो.

आता दोष. माझे सर्वांत जास्त डोके खाल्ले ते दुधाने. हवामान बदलाच्या आंतरशासकीय मंडळाची सर्वांत प्राथमिक पद्धत येथे वापरली जाते, म्हणजे जनावरांची संख्या गुणिले एक ठरलेला आकडा. भारतीय उपखंडातील दुभत्या गाईसाठी हा आकडा वर्षाला ५८ किलो मिथेन, म्हशीसाठी ५५ आणि इतर गोवंशासाठी २७ असा आहे. मिथेनची २८ ही तुल्यता धरली, म्हणजे एक किलो मिथेन २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो असे मानले, तर एक दुभती गाय वर्षाला १,६२४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार टाकते. हा ५८ चा आकडा वर्षाला ९०० किलो दूध देणारी गाय समोर ठेवून काढलेला आहे. आता दिवसाला तीन लिटरही न देणारी खिल्लार आणि बारा लिटर देणारी संकरित होल्स्टिन शेजारी-शेजारी बांधलेल्या असल्या, तरी हिशेबात दोघींना ५८ किलोच मिळतात. संकरित गाय खाते जास्त, त्यामुळे तिचा मिथेनही जास्त असतो, पण तो कोठे दिसत नाही. दूध मात्र पूर्ण मोजले जाते. परिणामी ‘प्रति किलो दूध उत्सर्जन’ या तक्त्यात भारताची जी घसरण दिसते, तिच्यातला काही भाग गोठ्यातल्या सुधारणेचा आणि काही भाग निव्वळ या गुणाकाराचा असतो. हा तक्ता मला टिपणात जसाच्या तसा वापरायचा होता. तो अखेर काढून टाकला.

खताच्या बाबतीत मात्र हीच ठोकळ पद्धत शिकवायला उपयोगी पडते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. त्यातला एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने थेट शेतातून उडतो असे धरले, त्या नत्रापासून बनणाऱ्या वायूचे वजन काढले, आणि त्याला २६५ ही तुल्यता लावली, की गोणीमागे सुमारे ८६ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. सभेत हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा शेतकऱ्यांनी लगेच विचारले की मग युरिया अर्ध्यावर आणला तर काय होईल. (उत्तर पिकावर अवलंबून असते, हे सांगताना माझी थोडी धांदल उडाली.)

घरच्या स्वयंपाकाचा स्तंभही जपून वाचावा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लाकूडफाट्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या हिशेबात धरला जात नाही, सिलिंडरमधल्या गॅसचा धरला जातो. तेव्हा २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून लाखो चुली बदलल्या, त्याचा काही भाग आकड्यांत वाढ म्हणून उमटतो, आणि धुराने डोळे चुरचुरणे थांबले ते कोणत्याच रकान्यात येत नाही.

तुलनेसाठी युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा ‘एडगार-फूड’ हा संच मी सोबत ठेवला होता. त्यानुसार जगाच्या अन्नाचे उत्सर्जन १९९० मधील १६ अब्ज टनांवरून २०१५ मध्ये १८ अब्ज टनांवर गेले, तरी एकूण उत्सर्जनातील वाटा ४४ वरून ३४ टक्क्यांवर आला, कारण बाकीचे उत्सर्जन त्याहून वेगाने वाढले. टक्केवारी पाहून समाधान मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. वाहतुकीचा वाटा जेमतेम पाच टक्के निघतो, हेही अनेकांना पटत नाही.

दोन्ही संच उत्सर्जन जेथे होते त्या देशाच्या माथी मारतात. एडगार-फूडमध्ये २०१५ साली इंडोनेशिया ८.८ टक्क्यांसह दुसऱ्या क्रमांकावर आणि भारत ६.३ टक्क्यांवर आहे. परंतु तेथल्या दलदली उपसून लावलेल्या पामचे तेल मोठ्या प्रमाणात विकत घेणारा देश भारतच आहे, आणि आपल्या फरसाणाच्या कढईतला तो भाग आपल्या आलेखात येत नाही. उलट परदेशी गेलेल्या बासमतीच्या खाचरातला मिथेन आपल्याच नावावर राहतो.

वापराबद्दल एक सूचना. माहिती उतरवताना मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि त्यांचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केलेले आकडे एकाच फाइलमध्ये येतात, शिवाय एकूण बेरजेच्या ओळी आणि त्यांचे घटकही. मी पहिल्या दिवशी सगळ्या स्तंभाची सरसकट बेरीज केली आणि भारताचे उत्सर्जन दुपटीहून अधिक करून ठेवले. आधी हवा तो घटक आणि हवे ते एकक निवडून बाकीचे गाळावे, आणि आकडे हजार टनांत आहेत हे विसरू नये. मराठीत किंवा हिंदीत काहीच नाही, याचा अर्धा गुण कापून आणि दुधाच्या तक्त्याचा एक कापून मी पाचपैकी साडेतीन देतो.