नवा बाँड येण्याआधी कोणत्या बाँडपासून सुरुवात करावी?

जेम्स बाँडच्या अधिकृत मालिकेचे पंचवीस चित्रपट झाले, सहा नट झाले, आता सातव्याची पाळी आहे. डॅनिएल क्रेगने २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये निरोप घेतला. २०२५ च्या सुरुवातीला मालिकेचे सर्जनशील निर्णय जुन्या निर्मात्यांच्या, म्हणजे ब्रोकोली कुटुंबाच्या हातून अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेले आणि त्याच वर्षी दिग्दर्शक म्हणून डेनी विलनव यांचं नाव जाहीर झालं. त्यामुळे आजवर बाँडच्या वाटेला न गेलेली मंडळीही आता विचारू लागली आहेत, की नवा येण्याआधी जुन्यातलं नेमकं काय बघावं?

‘सगळे पंचवीस ओळीने बघा’ हा सल्ला द्यायला सोपा आहे, पण तो पाळणारा सहसा चौथ्या-पाचव्या चित्रपटाशी अडकतो. माझा सल्ला वेगळा आहे. कुठल्यातरी नटाचा बाँड म्हणून पहिला चित्रपट निवडा. नट एकदा रुळला, की त्याच्या तिसऱ्या-चौथ्या चित्रपटात निर्माते निवांत होतात. प्रेक्षक आपलाच आहे हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. पहिल्या चित्रपटात मात्र ही मुभा नसते. आधीच्या नटाची सवय झालेल्या लोकांना पुन्हा पटवायचं असतं, त्यामुळे जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा निर्णय घ्यावाच लागतो. बाँड म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न त्या वेळी त्यांच्यापुढेही नव्याने उभा असतो. नव्या प्रेक्षकाला याहून चांगली जागा कुठली?

अशी सहा पदार्पणं आहेत. सगळी सारख्या तोलाची नाहीत, आणि सगळी पहिल्यांदा बघण्यासारखीही नाहीत.

सुरुवात झाली ती १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून. शॉन कॉनरीचा प्रवेश आजही शिकण्यासारखा आहे. लंडनच्या एका क्लबात पत्त्यांचं टेबल. बराच वेळ आपल्याला फक्त त्याचे हात, पाठ आणि पत्ते दिसतात. समोरची बाई हरते आहे. तो तिचं नाव विचारतो. ती आधी आडनाव सांगते, मग पूर्ण नाव: ‘ट्रेंच. सिल्व्हिया ट्रेंच.’ मग ती त्याचं नाव विचारते, तो सिगारेट पेटवतो, आणि तेव्हा कुठे चेहरा दिसतो: ‘बाँड. जेम्स बाँड.’ म्हणजे साठ वर्षं गाजत आलेली ही लकब मुळात त्याने समोरच्या बाईचीच उचललेली होती. किती सहज, आणि किती आत्मविश्वासाने!

तरीही ‘डॉ. नो’ पहिल्यांदा बघू नका. सुमारे दहा लाख डॉलरमध्ये केलेला हा चित्रपट आजच्या मानाने संथ आहे, करामती गाडी यात नाही, आणि नायक बराच वेळ जमैकात साधा तपास करत फिरतो. मला स्वतःला तो तपासाचा भाग फार आवडतो, पण तो आवडायला पुढे काय झालं हे ठाऊक असावं लागतं. शिवाय गोऱ्या नटाला रंगभूषा करून अर्धा चिनी खलनायक बनवणं, किंवा बाँडने क्वॉरेल या कृष्णवर्णीय साथीदाराला आपले बूट आणायला फर्मावणं, हे आज खटकतं आणि खटकायलाच हवं.

जॉर्ज लेझनबीचं प्रकरण त्याहून विलक्षण. हा ऑस्ट्रेलियन मॉडेल जाहिरातींतून थेट जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध भूमिकेत आला, अभिनयाचा म्हणावा असा अनुभव नसताना. १९६९ चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ हा त्याचा पहिला आणि शेवटचा बाँडपट. दिग्दर्शक पीटर हंट हे आधी याच मालिकेचे संकलक होते, आणि ते जाणवतं: बर्फावरचे पाठलाग आजही दम काढतात. स्वित्झर्लंडच्या शिल्थॉर्न शिखरावरचं फिरतं उपाहारगृह खलनायकाचा अड्डा म्हणून वापरलं आहे आणि ते बघताना उंचीची खरोखर भीती वाटते. पण चित्रपट उभा राहतो तो डायना रिग यांच्यामुळे. त्यांची ट्रेसी ही बाँडच्या बरोबरीने उभी राहणारी बाई आहे. तिच्यासमोर नवखा लेझनबीही माणसासारखा वागू लागतो.

हा मालिकेतला सर्वांत सुंदर चित्रपट आहे असं माझं ठाम मत आहे. आणि तरीही तो आधी बघितलात तर वाया जाईल. त्याचा शेवट, जो मी इथे सांगणार नाही, अंगावर येतो तो अशा माणसाच्या, ज्याने बाँडला याआधी चार-पाच वेळा सगळं झटकून निघून जाताना पाहिलं आहे. तो उधार ठेवा.

रॉजर मूरबद्दल लवकर आवरतो. १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये पंचेचाळीस वर्षांच्या मूरला कॉनरीपासून वेगळं दाखवायचं म्हणून सिगारेटऐवजी सिगार आला, बाँडच्या नेहमीच्या वोडका मार्टिनीऐवजी बर्बन आली. लुइझियानाच्या पाणथळीतला मोटरबोटींचा पाठलाग झकास आहे. मगरींच्या पाठींवर पाय देत पळण्याचं दृश्य खऱ्या मगरींवर, त्या मगरपालन केंद्राचे मालक रॉस कनांगा यांनी स्वतः केलं आहे. पण काळ्या लोकांचं चित्रण फार उथळ आहे. मूरच्या बाबतीत माझा ‘पहिला चित्रपट’ हा नियमच मोडावा. त्याचा सूर लागला तो तिसऱ्यात, १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्हड मी’मध्ये. हलकाफुलका बाँड हवा असेल तर थेट तिथे जा.

आता टिमथी डाल्टन, ज्याच्यावर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं. खरं तर १९८६ मध्ये पिअर्स ब्रॉस्ननची निवड झाली होती, पण त्याच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या कंपनीने करार पुढे वाढवला आणि भूमिका डाल्टनकडे आली. १९८७ च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ची सुरुवात बघा. जिब्राल्टरच्या खडकावर ‘डबल ओ’ दर्जाचे, म्हणजे मारण्याचा परवाना असलेले, तीन हेर सरावासाठी पॅराशूटने उतरतात. नवा चेहरा यातला कोणता, हे आपण शोधत असतो. एक जण मारला जातो, त्याची किंकाळी घुमते, आणि तिसरा मान वळवतो. बस, तोच. एकही शब्द न बोलता डाल्टनच्या चेहऱ्यावर जो राग येतो, तो आधीच्या बाँडच्या चेहऱ्यावर सहसा दिसायचा नाही.

थोड्याच वेळात त्याला एका नेमबाज बाईला मारण्याचा हुकूम असतो. दुर्बिणीतून त्याला दिसतं, की ही बाई बंदूक चालवणारी नाहीच. संगीत मैफलीत चेलो वाजवताना त्याने तिला नुकतंच पाहिलेलं आहे. तो तिला मारत नाही, तिच्या हातातली बंदूक तेवढी उडवतो. सहकारी तक्रार करण्याची धमकी देतो, तेव्हा बाँडचं म्हणणं असतं, की साहेबांनी यावरून काढून टाकलं तर मी त्यांचे आभारच मानीन. नोकरीला कंटाळलेला, पण काम चोख करणारा हा माणूस मूळ कादंबऱ्यांतल्या बाँडच्या फार जवळचा आहे. पुढे क्रेगने जे केलं त्याची बीजं इथे आहेत. मग अडतं कुठे? कथानकात. शस्त्रांचा व्यापार, अफू, खोटा पक्षबदल, व्हिएन्ना, मग अफगाणिस्तान, असा गुंता उत्तरार्धात हातातून सुटतो, आणि दोन्ही खलनायक फिके आहेत. घरातल्या मुलांसोबत बघायचा असेल तर मात्र मी हाच सुचवीन. चेलोच्या पेटीत बसून बर्फावरून सीमा ओलांडण्याचं दृश्य मुलं विसरत नाहीत.

उरले दोन, आणि खरी निवड यांच्यातच आहे: ‘गोल्डनआय’ (१९९५) आणि ‘कॅसिनो रॉयल’ (२००६). गंमत अशी, की दोन्हींचे दिग्दर्शक एकच, मार्टिन कॅम्पबेल. अकरा वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने नवा बाँड दोनदा उभा केला, आणि दोन्ही वेळा अगदी उलट मार्गाने.

‘गोल्डनआय’पुढची अडचण मोठी होती. कायदेशीर वादांमुळे मालिका सहा वर्षं थंड पडली होती, आणि त्या मधल्या काळात सोव्हिएत संघच उरला नव्हता. शीतयुद्धाचा हेर आता कशाला, हा प्रश्न चित्रपटाने टाळला नाही. तो सरळ बाँडच्या तोंडावर विचारला. बाँडच्या खात्याच्या नव्या प्रमुख ‘एम’, म्हणजे जूडी डेंच, त्याला आपल्या खोलीत शीतयुद्धाचा अवशेष म्हणतात, बायकांना तुच्छ लेखणारा डायनासोर म्हणतात. तो ऐकून घेतो. लगेच त्याच बाई त्याला कामगिरीवर पाठवतात आणि जिवंत परत या असंही सांगतात. सगळी टीका पात्रांच्या तोंडून करून घ्यायची, आणि मग जुनं सगळं थाटात चालू ठेवायचं, ही कॅम्पबेल यांची पहिली युक्ती.

आणि जुनं खरंच सगळं आहे. करामती साधनं देणारा क्यू आहे, ‘एम’ची सचिव मनीपेनी आहे, अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ आहे, सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवरून भिंती फोडत जाणारा रणगाडा आहे आणि त्यात बसून टाय सरळ करणारा ब्रॉस्नन आहे. सुरुवातीची धरणावरून मारलेली उडी स्वित्झर्लंडच्या व्हर्झास्का धरणावर, सुमारे २२० मीटर उंचीवरून, वेन मायकल्स या स्टंटमनने खरोखर मारली आहे; पडद्यावर आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि फक्त पडणारा माणूस उरतो. खलनायक शॉन बीन हा बाँडचाच जुना सहकारी, ००६. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक भेटीला वैयक्तिक धार येते. उणिवा म्हणाल तर एरिक सेरा यांचं पार्श्वसंगीत काही ठिकाणी चित्रपटाशी जुळतच नाही, आणि संगणकांचे प्रसंग आता जुनाट वाटतात.

‘कॅसिनो रॉयल’मध्ये कॅम्पबेल यांनी उलट केलं: सगळं काढून घेतलं. क्यू नाही, मनीपेनी नाही, प्रसिद्ध धून पूर्ण वाजते ती शेवटी श्रेयनामावलीच्या तोंडावर. बारटेंडर विचारतो, मार्टिनी हलवून की ढवळून? एरवी ती हलवूनच मागणारा बाँड इथे म्हणतो, मला त्याची पर्वा आहे असं वाटतं का? हा अजून पूर्ण झालेला बाँड नाही. ‘डबल ओ’ दर्जा मिळवण्यासाठी लागणाऱ्या दोन हत्यांपासून गोष्ट सुरू होते. कृष्णधवल चित्रीकरणात एका स्वच्छतागृहात तो पहिल्या माणसाला बेसिनात बुडवून मारतो. ही मारामारी कुरूप आहे, बेढब आहे, ती संपावी असं बघणाऱ्याला वाटत राहतं. कॉनरीच्या टेबलावरच्या त्या ऐटीतून मालिका इथवर आली.

त्यानंतरचा पाठलाग मला या चित्रपटाचं सार वाटतो. बाँड ज्याच्या मागे लागलेला असतो तो सेबास्टियन फूकॉन बांधकामावरून वाऱ्यासारखा पळतो आणि भिंतीच्या वरच्या छोट्या फटीतून अलगद पलीकडे जातो. मागून येणारा क्रेग ती भिंतच फोडून आत घुसतो. एका कृतीत माणूस कळतो: ताकद भरपूर, हट्ट भरपूर, सफाई शून्य. केसांच्या रंगावरून या नटाच्या निवडीला विरोध करणाऱ्यांची तोंडं या एका प्रसंगाने बंद व्हायला हवी होती. मग रेल्वेत ईव्हा ग्रीनची व्हेस्पर समोर येऊन बसते आणि दोघं एकमेकांना पुस्तकासारखं वाचतात. आणि पहिला खून पाहून हादरलेली व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली असताना बाँड तिच्याशेजारी जाऊन बसतो. पत्त्यांच्या डावातला तणाव खलनायक मॅड्स मिकेलसनच्या थंड चेहऱ्याने टिकतो. डाव संपल्यावर चित्रपट थोडा रेंगाळतो, दोन तास चोवीस मिनिटं जाणवतात, आणि यातनांचा एक प्रसंग लहान मुलांसमोर बघण्यासारखा नाही.

चित्रपट म्हणून ‘कॅसिनो रॉयल’ सरस, यात मला शंका नाही. तुम्ही एकच बाँडपट बघणार असाल तर हाच बघा. त्यासाठी आधीचं काहीही ठाऊक असण्याची गरज नाही.

पण दोन बघण्याची तयारी असेल, तर आधी ‘गोल्डनआय’. कारण ‘कॅसिनो रॉयल’ची निम्मी ताकद काढून घेतलेल्या गोष्टींत आहे, आणि त्या कधी पाहिल्याच नसतील तर त्यांची उणीव जाणवणार कशी? मार्टिनीबद्दलची बेपर्वाई, धूनची दोन-सव्वादोन तास केलेली राखण, सुटात अवघडलेला नायक, हे सगळं लागू पडतं ते सूट अंगचाच असल्यासारखा वावरणारा ब्रॉस्नन आधी पाहिला असेल तरच. सातव्या नटाच्या वेळीही निर्मात्यांपुढे हेच दोन रस्ते असतील: सगळं परत आणायचं, की पुन्हा पाटी कोरी करायची. दोन्ही पाहून बसलेला प्रेक्षक पहिल्या वीस मिनिटांतच ओळखेल, की यांनी कुठला धरला.

एक व्यवहाराची गोष्ट. ब्रॉस्ननचे पुढचे तीन चित्रपट सुटे आहेत, कुठलाही उचला, किंवा सोडून द्या. क्रेगचे पाच मात्र एकाच गोष्टीचे भाग आहेत. दुसरा, ‘क्वांटम ऑफ सोलेस’, पहिल्याच्या शेवटानंतर लगेच सुरू होतो. ते क्रमानेच बघावे लागतील. ‘नो टाइम टू डाय’ला पोहोचण्याआधी मात्र लेझनबीचा तो उधार ठेवलेला चित्रपट बघून घ्या, कारण त्याचं गाणं आणि त्याचे शब्द क्रेगच्या निरोपात पुन्हा ऐकू येतात, आणि ते ओळखू आले तरच तो निरोप पूर्ण कळतो.