सीलबंद की पाणी टाकायची: बॅटरी कशाने मरते ते पाहून ठरवा

इन्व्हर्टर, यूपीएस किंवा छोट्या सोलरसाठी लेड-ॲसिड बॅटरी घ्यायची, तर सीलबंद एजीएम घ्यावी की पाणी टाकायची ट्यूब्युलर? वॉरंटीची वर्षं मोजण्याआधी मी एक गोष्ट बघतो: आपल्या वापरात ही बॅटरी कशामुळे संपेल, आणि ते कारण आपल्या हातात आहे का?

रसायन दोन्हींत एकच. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज करताना ते विरघळून जातं. पण बॅटरी बराच काळ अर्धवट चार्ज राहिली, तर त्याचे मोठे, कडक स्फटिक होतात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत. या सल्फेशनपासून कुठलीच सुटत नाही. मात्र बॅटरी बराच काळ नुसती पडून राहणार असेल तर सीलबंद बरी. तिच्या प्लेटांच्या लेड-कॅल्शियमच्या जाळीमुळे ती आपोआप उतरते ती 25 अंशांना महिन्याला साधारण 3 टक्के. ट्यूब्युलरच्या जाळीत अँटिमनी हा धातू असल्याने ती लवकर उतरते.

खरी तफावत पाण्यात आहे. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होऊन वायू सुटतात. एजीएममध्ये आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. धन प्लेटवर तयार झालेला ऑक्सिजन त्या चटईतून ऋण प्लेटपर्यंत पोचतो आणि त्याचं पुन्हा पाणी होतं. रचना सुरेख आहे, पण ती शंभर टक्के पाणी परत देत नाही. चार्जिंग व्होल्टेज जास्त असेल किंवा जागा गरम असेल तर आतला दाब वाढतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि वायू निघून जातो. धन प्लेटची जाळी गंजते, तीही पाण्यातलाच ऑक्सिजन घेते. गेलेलं पाणी भरायला वाट नसते. चटई सुकते, अंतर्गत रोध वाढतो, बॅकअप घटतो. ऑक्सिजनचं पाणी होताना उष्णताही निघते. गरम बॅटरी आणखी करंट ओढते, त्याने आणखी तापते. पेटी फुगलेली दिसली तर बॅटरी लगेच बाजूला काढा.

उष्णता दोघींचीही शत्रू आहे. 25 अंशांच्या वर दर 8 ते 10 अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. फरक एवढाच की ट्यूब्युलरचं पाणी कमी झालेलं दिसतं आणि डिस्टिल्ड वॉटर घालून भरता येतं. आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने प्रत्येक सेल वेगळा तपासता येतो, त्यामुळे 12 व्होल्टच्या बॅटरीतल्या सहा सेलपैकी एखादा मागे पडत असेल तर आधीच कळतं. खराब झालेली सीलबंद बॅटरी मात्र मोकळ्या टोकांवर 12.7 व्होल्ट दाखवू शकते आणि लोड येताच 10 च्या खाली कोसळते. म्हणून तिची परीक्षा लोड देऊनच घ्यावी.

ट्यूब्युलर मरते ती बहुधा दुर्लक्षाने: प्लेटा उघड्या पडतात, कोणी नळाचं पाणी ओततं, किंवा पूर्ण चार्जच न मिळाल्याने जड आम्ल तळाशी साचतं. तिला उभंच ठेवावं लागतं. हायड्रोजन निघतो, त्यामुळे हवा खेळती हवी. बंद कपाटात ती ठेवूच नये.

रोज खोल डिस्चार्ज, गरम जागा आणि पाणी बघणारं माणूस असेल, तर मी ट्यूब्युलर घेईन. वीज क्वचित जाते, जागा बंदिस्त पण थंड आहे, देखभाल कोणी करणार नाही, तर एजीएम. मात्र 12 व्होल्टच्या एजीएमला 25 अंशांना फ्लोट व्होल्टेज (पूर्ण चार्ज झाल्यावर टिकवून ठेवायचं व्होल्टेज) साधारण 13.5 ते 13.8 असावं आणि तापमान वाढेल तसं ते कमी करणारा चार्जर असावा. बॅटरीइतकाच विचार चार्जरचा करा, सीलबंद बॅटरीच्या बाबतीत तर जास्तच. जेल बॅटरी, म्हणजे आम्ल जेलसारखं घट्ट केलेली सीलबंद बॅटरी, उष्णता आणि खोल डिस्चार्ज बरा सोसते, पण जास्त व्होल्टेजने जेलमध्ये पडलेल्या पोकळ्या भरून येत नाहीत.

सीलबंद घेताना उत्पादनाची तारीख बघा आणि मीटर लावून घ्या. नव्या बॅटरीवर 12.5 व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल, तर ती दुसरी मागून घ्या. तिचं सल्फेशन गोदामातच सुरू झालेलं असू शकतं.