यामाहा पी-४५ : पेटीवाल्यांच्या घरातला पियानो, चार वर्षांनंतरचा रिव्ह्यू

यामाहाचा हा पी-४५, म्हणजे विजेवर चालणारा डिजिटल पियानो, आम्ही २०२१ च्या दिवाळीत घेतला, म्हणजे चार वर्षं उलटून गेली, रोज वाजतोय, संध्याकाळी मुलगी आणि रात्री जेवणं आटपली की मी, त्यामुळे आता खात्रीने लिहू शकतो. घेताना मी मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून बरंच शोधलं होतं पण जे मिळालं ते सगळं लहानपणापासून पियानोच शिकलेल्यांसाठीचं होतं. आमचं घर पेटीचं. वडील गावच्या भजनी मंडळात पेटीवर, मी पण त्यांच्याकडे बघूनच शिकलो, बायको गाते. अशा घरात पियानो आणायचा तर काय बघायचं, हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहितोय.

मुलगी सात वर्षांची असताना तिला इथेच वसईत एका टीचरांकडे पियानोच्या क्लासला घातली. तेव्हा घरात एक ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड होता, कंपनीचं नाव नको, ऑर्केस्ट्रावाल्यांकडे असतो तसा, शेकडो आवाज, ढोलकी-तबला सगळं आत भरलेलं. महिनाभर त्यावर प्रॅक्टिस केली आणि मग टीचरांनी पहिल्यांदा तिला त्यांच्या जुन्या अपराइटवर, म्हणजे तारांच्या उभ्या खऱ्या पियानोवर, बसवलं. तिने पट्टी दाबली, पट्टी खाली गेली आणि आवाजच नाही आला. तिने माझ्याकडे बघितलं, परत दाबली, परत नाही. मला वाटलं पियानो बिघडलाय. टीचर उठल्या, पियानोची पुढची फळी काढून भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, आता हळू दाब आणि इकडे बघ. हळू दाबली की आतला नमद्याचा (म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा) हातोडा तारेकडे निघायचा आणि तारेला न शिवताच मागे यायचा. जरा वेगाने दाबली की लागायचा आणि सूर निघायचा. पोरगी दहा मिनिटं नुसती तेच करत बसली, हळू, थोडं जोरात, अजून हळू. म्हणजे पियानोत पट्टी किती खाली गेली याला काही अर्थ नाही, किती वेगाने गेली त्यावर सगळं आहे. आमच्या कीबोर्डची पट्टी स्प्रिंगची, तिला कशीही शिवा, ती वाजते. त्या एका महिन्यात पोरीची बोटं अशी पोकळ झाली होती की शेवटच्या पेरात वाकायची, टीचरांनी ते पहिल्या दिवशीच पकडलं.

पेटीचं तर अजून वेगळं. पेटीत पट्टी अलगद दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच, लहानमोठा करायचा तो भात्यावर. त्यामुळे माझ्यासारख्याला आयुष्यभर कळतच नाही की आवाज बोटाने पण कमीजास्त करता येतो.

आधी वाटलं खरा अपराइटच घ्यावा. कुणाला नाही वाटणार. पण आकडे बघा. यामाहाचाच यू-१, घरात ठेवायचा नेहमीचा अपराइट, त्याचं वजन २२८ किलो. आमची बिल्डिंग बिनलिफ्टची, घर दुसऱ्या मजल्यावर, जिना जेमतेम तीन फुटी. आत सव्वादोनशेच्या वर तारा, वरच्या सुरांना तीन-तीन, खाली दोन आणि अगदी खालच्यांना एकेक, आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण १८-२० टनांच्या आसपास, म्हणून आत ओतीव लोखंडाची फ्रेम असते. आणि मग आपली हवा. वसईचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, लाकडाचं काय घेऊन बसलात. साउंडबोर्डचं, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या आतल्या फळीचं, लाकूड फुगतं, सूर चढतात, जानेवारीत कोरडी हवा आली की उतरतात, नमदा दमट झाला की पट्ट्या अडकतात. टीचरांच्या पियानोत खालच्या बाजूला कमी वॉटचा एक बल्ब जूनपासून दिवाळीपर्यंत पेटलेलाच असतो, ओल धरू नये म्हणून. वर्षातून दोनदा मुंबईहून ट्यूनर येतात. एकदा मी मुद्दाम थांबून बघितलं, तीन तारांमधल्या दोघींचा आवाज नमद्याच्या पट्टीने बंद करायचा, उरलेली एक लावायची, मग दुसरी तिच्याशी मिळवायची, दोन सूर जवळ आले की मधला तो थरथरणारा आवाज सावकाश होत होत थांबतो, तो थांबला की पुढची. तंबोऱ्याची जोडी लावताना आपण जे ऐकतो तेच, फक्त ८८ पट्ट्यांवर. अडीच तास लागले. हे सगळं प्रेमाने करणाऱ्या घरातच अपराइट शोभतो, आमची तेवढी ऐपतही नव्हती आणि जागाही नव्हती.

म्हणून डिजिटल, पण वजनदार पट्ट्यांचा. इथे एका दुकानात मला वाईट अनुभव आला. दुकानाचं नाव लिहीत नाही. मी सरळ विचारलं की वेटेड कीज दाखवा, तर म्हणाले लहान मुलांना कशाला, ६१ वाला घ्या, नंतर बघू. एका पालकाला असं सांगणं मला आजही पटत नाही, कारण लहान मुलाच्याच बोटांना ते वळण लावायचं असतं. कुठूनही घ्या पण आधी कुठेतरी बसून वाजवून बघा. मुंबईत असाल तर धोबीतलावला फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान, पुष्कळ लोक आधी तिकडेच जातात. पट्टी हळू दाबून बघा, एकदम हळू. तेवढी एक परीक्षा पुरे.

आता पी-४५ बद्दल. ८८ पट्ट्या, म्हणजे ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, सात सप्तकं आणि वर थोडं. आपली पेटी साडेतीन सप्तकांची, त्यामुळे पहिल्यांदा समोर बसलं की दोन्ही बाजूंना रिकामं रान दिसतं. वजन साडेअकरा किलो, मी एकट्याने उचलून वर आणला. लांबी १३३ सेंटीमीटरच्या आत, खोली तीस सेंटीमीटरपेक्षा कमी, हॉलच्या भिंतीला लागून बसतो. आत खरे हातोडे आहेत, तारेवर पडत नाहीत एवढंच, पट्टीला वजन देतात, आणि खर्जाकडे पट्ट्या जड, तार सप्तकाकडे हलक्या, खऱ्या पियानोत असतात तशा. काळ्या पट्ट्या खरखरीत मॅट, पांढऱ्या गुळगुळीत, मे महिन्यात घामाने बोट सरकतं, शेजारी रुमाल ठेवा.

दहाच आवाज आहेत. दोन ग्रँड पियानो, इलेक्ट्रिक पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज, हार्प्सिकॉर्ड, व्हायब्राफोन एवढंच. मला हेच सगळ्यात आवडलं. मुलगी बसली की वाजवायलाच बसते, बटणं दाबत बसत नाही, कारण बटणंच नाहीत, पॉवर, व्हॉल्यूम आणि एक फंक्शनचं. बाकी सगळं ते बटण धरून ठराविक पट्ट्या दाबून करायचं, मॅन्युअलमधल्या तक्त्याची झेरॉक्स काढून भिंतीला लावलीय.

पेटीवाल्यांसाठी त्यातलं सर्वात कामाचं म्हणजे ट्रान्सपोज, म्हणजे बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून सगळे सूर खालीवर सरकवणं. खालीवर सहा-सहा अर्धे सूर. स्केल चेंजर पेटी ज्यांनी वापरलीय त्यांना सांगायला नको. पांढरी एकचा सा धरून वाजवायचं (सा कुठल्या पट्टीवर, त्याची ही पेटीतली नावं) आणि अधिक १ केलं की काळी एक, बायको काळी चारमध्ये गाते तेव्हा उणे ४. पण एक मनापासून सांगतो, मुलांना याची सवय लावू नका. मुलगी जे शिकतेय त्यात प्रत्येक स्केलची बोटं वेगळी आणि ती बसायलाच हवीत. ट्रान्सपोज माझ्यासाठी, तिच्यासाठी नाही, असा घरात नियम आहे.

माझं सांगायचं तर तीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाचा उजवा हात पियानोवर लगेच चालतो, डावा नाही. डाव्याने आयुष्यभर भाताच ओढलेला. सुरुवातीला यमनचे स्वर घेतले की डावा पंजा आपोआप हलायला लागायचा. चार वर्षांनी आता तो खाली सा-प धरतो, साध्या तीन स्वरांच्या जोड्या लावतो, बस, पण या वयात हाताला नवीन काम शिकवता येतं याचा मला फार आनंद आहे.

आणि दुसरं म्हणजे सुराचं विरणं. पेटीचा सा हवा आहे तोवर उभा असतो. पियानोचा सा वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो, पट्टी सोडल्यावरही सूर धरून ठेवणारं पायाखालचं पेडल दाबून ठेवलं तरी विरतोच, फक्त सावकाश. मी सुरुवातीला काहीही संथ वाजवायला बसलो की सा संपून जायचा आणि रे येईपर्यंत मधे नुसती शांतता, मग घाबरून मी स्वर भरत सुटायचो. टीचर एकदा घरी आल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि एवढंच सांगितलं, जाऊ दे त्याला, कुठे संपतो ते ऐक आणि मग पुढचा ठेव. तेव्हापासून रात्री मी कधीकधी एकच खर्जाचा सा लावून तो पूर्ण जाईपर्यंत ऐकतो. खाली तो बराच वेळ राहतो, वरच्या सप्तकात लगेच जातो. याचं मला वेड लागलंय खरं म्हणजे. पेटीवर बसलो तरी आता कुठला स्वर किती धरायचा ते जास्त नीट कळतं.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, नाही, ते पेटीतही नाही. गंधार दोन्हीकडे सारखाच चढा, नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण १४ सेंटने, आणि सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तंबोऱ्याचं ॲप लावून भूप वाजवलात तर हा गंधार टोचेल, तयारी ठेवा. गाण्याच्या रियाजाला म्हणून कुणी पियानो घेत असेल तर नका घेऊ, तंबोराच बरा.

पेडलचं बघा. बरोबर जे येतं ते छोट्या डबीसारखं ऑन-ऑफ पेडल, गुळगुळीत फरशीवर सरकतं, अर्धं पेडल, म्हणजे अर्धंच दाबून सूर थोडासाच धरणं, त्यावर होत नाही. पियानोच्या परीक्षांच्या पहिल्या एकदोन ग्रेडपर्यंत काही अडत नाही, पुढे यामाहाचंच एफसी-३ नावाचं पेडल वेगळं घ्यावं लागतं, ते चालतं याच्यावर. ब्लूटूथ नाही, रेकॉर्डिंग नाही, बॅटरीवर चालत नाही. लाइट गेली की पियानो गप्प आणि पेटी चालू, आमच्याकडे जुलैत हे बऱ्याचदा होतं. हेडफोनची जागा मागच्या बाजूला आणि मोठ्या पिनची, कन्व्हर्टर लागतो, तो पन्नास-शंभर रुपयांत मिळतो. एका वेळी ६४ सूर वाजू शकतात, पेडल दाबून भराभर वाजवणाऱ्याला कमी पडतील, आम्हाला नाही पडले.

स्टँडवर पैसे वाया घालवू नका, आणि एक्स स्टँड तर नकोच, आम्ही सुरुवातीला एकाकडून घेतला होता, जोरात वाजवलं की पियानो झुलायचा. अभ्यासाच्या टेबलावर पण ठेवू नका, ते साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं, त्यावर पियानो म्हणजे मुलाचे खांदे कानाला लागतात. आम्ही ओळखीच्या सुताराकडून ६१ सेंटीमीटर उंचीचं टेबल करून घेतलं, खाली गुडघ्यांना जागा सोडून. पट्ट्या जमिनीपासून ७२-७३ सेंटीमीटरवर आल्या की कोपर पट्ट्यांच्या पातळीत राहतं.

हेडफोन लावला म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही असं समजू नका. पट्ट्यांची धपधप टेबलातून फरशीत आणि फरशीतून खालच्या घरात जाते. खालच्या काकू महिनाभर काही बोलल्या नाहीत आणि मग एक दिवस जिन्यात विचारलं की रात्री तुमच्याकडे काय कुटतात. मला फार वाईट वाटलं. टेबलाच्या चारही पायांखाली जाड रबर आणि त्याखाली दुपदरी सतरंजी टाकली, आता काकूंना ऐकू येत नाही, आणि दिवाळीला त्या मुद्दाम ऐकायला वर येतात.

आणि डिजिटल घेतला म्हणून टीचरांचा अपराइट सोडू नका हे पण सांगतो. मुलगी आठवड्यातून एकदा त्यावर बसतेच. घरी जे एकदम हळू वाजवायला जमलं ते तिथे परत जमवावं लागतं, कारण तिथल्या प्रत्येक पट्टीचा स्वभाव वेगळा. गेल्या वर्षी तिची ग्रेड २ ची परीक्षा झाली, तीही अपराइटवरच. घरी आल्यावर म्हणाली, बाबा, त्यांची मधली पट्टी आपल्यापेक्षा हलकी होती, मी सुरुवात केल्यावर बदललं. ते तिला वाजवता वाजवता कळलं यातच मला सगळं मिळालं.

२०२३ मध्ये यामाहाने याच्या जागी पी-१४५ आणला, तो अजून छोटा आणि ११.१ किलोचा, पट्ट्यांची रचनाही नवी. नवीन घेणाऱ्याने तोच बघावा. जुना पी-४५ मात्र सेकंडहँड चांगला मिळतो, बघायला जाल तेव्हा अडॅप्टर कंपनीचाच १२ व्होल्टचा आहे ना बघा, आवाज पूर्ण बंद करून सगळ्या ८८ पट्ट्या एकेक दाबून नुसती टकटक ऐका, एखादी वेगळी वाजली तर तिथला नमदा झिजलाय, मग आवाज चालू करून त्याच पट्ट्या अगदी हळू दाबा, शेजारच्यापेक्षा एखादी एकदम मोठ्याने ओरडली तर आतला सेन्सर गेलाय. सुरुवात मधल्या सप्तकापासून करा, घरोघरी सगळ्यात जास्त तेच वाजलेलं असतं.